पडद्यावरचं खाचर

२०२४च्या नोव्हेंबरात 'फार्मिंग सिम्युलेटर २५' बाजारात आला आणि ट्रॅक्टर-हार्वेस्टरच्या त्या जगात भाताचं खाचर भरलं. जायंट्स सॉफ्टवेअर ही स्वित्झर्लंडमधली कंपनी २००८पासून ही मालिका काढते. इतकी वर्षं तिच्यात प्रामुख्यानं गहू, बार्ली, मका, बटाटा, बीट अशी युरोप-अमेरिकेची पिकं होती. या आवृत्तीत पूर्व आशियाच्या धर्तीचा एक नवा प्रदेश आला, खाचरात पाणी सोडायची सोय आली, रोपं लावणारं यंत्र आलं आणि म्हशीही आल्या. म्हशी दूध देतात, दुधाचं मोझरेला चीज करून विकता येतं. चिखलणीला मात्र त्यांना जुंपता येत नाही. खेळाच्या दृष्टीनं म्हैस हे दुभतं जनावर, औत ओढायला यंत्रं आहेतच.

मुंबईच्या उपनगरांत हा खेळ खेळणाऱ्या मुलांपैकी काहींची घरं शब्दशः खाचरांवर उभी आहेत. दिवा आणि डोंबिवलीच्या मधलं कोपर घ्या. खालून मध्य रेल्वेची लोकल जाते, वरच्या फलाटावरून वसई-दिवा मार्गाची गाडी. एका अंगाला खाडी आणि खारफुटी, दुसऱ्या अंगाला इमारती. कोपर, आयरे, भोपर, पलीकडे काटई, निळजे, घारिवली ही नावं आज सोसायट्यांच्या पत्त्यांत वाचायला मिळतात. मुळात ती भातशेतीची, बरीचशी आगरी वस्तीची गावं. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३मध्ये झाली, पुढे सत्तावीस गावं आत घ्यायची की बाहेर ठेवायची याचा घोळ कित्येक वर्षं चालला, आणि तेवढ्यात शेत कधी गेलं हे कुणाच्या फारसं लक्षात राहिलं नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आवण, मूठ, उडवी, इरलं हे शब्द तोंडात येतात. नातवाला ऐकून माहीत असतात, पण मूठ केवढी आणि उडवी कशी रचतात, हे त्यानं पाहिलेलं नसतं. तेव्हा प्रश्न असा, की बैल, लाकडी नांगर, शेणखत, घरचं बियाणं आणि माणसांचे हात यांवर चालणारी ती शेती संगणकावरच्या खेळातून कितपत कळू शकते? जगात या दिशेनं बरंच काही होऊन गेलंय. त्यातलं काही फार चांगलं आहे, आणि काही म्हणजे नुसता रंगीत वेळकाढूपणा.

आरंभ मात्र अनपेक्षितपणे चांगला झाला होता. शाळेतल्या मुलांना शिकवण्यासाठी रचलेल्या अगदी पहिल्या संगणक-खेळांपैकी एक खेळ लढाईचा नव्हता, धान्याच्या कोठाराचा होता. १९६४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टचेस्टर परगण्यात मेबल ॲडिस या प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेनं आयबीएमच्या साह्यानं 'द सुमेरियन गेम' लिहिला. सहावीतली मुलं टेलिटाइपसमोर बसायची आणि इसवी सनापूर्वी ३५००च्या सुमाराच्या लगश नगरीचे राजे व्हायची. संगणकावर चित्रं नव्हती, आवाज नव्हता. कागदावर मजकूर छापून यायचा: इतकं पीक आलं, इतकी तोंडं खाणारी आहेत, आता खायला किती, बियाण्याला किती, कोठारात किती?

या कल्पनेची छोटी आवृत्ती डग डायमेंट यांनी १९६८मध्ये केली आणि डेव्हिड ॲल यांच्या १९७३च्या पुस्तकातून ती 'हमुराबी' या नावानं बेसिक भाषेत जगभर पसरली. तिचे नियम एका पोस्टकार्डावर मावतील. १०० माणसं, १००० एकर जमीन, दहा वर्षांचं राज्य. माणशी वर्षाला २० बुशेल धान्य लागतं आणि एक माणूस १० एकरांहून जास्त जमीन करू शकत नाही. एकरी उतारा किती येईल हे नशिबावर. मधूनच उंदीर कोठार फस्त करतात, मधूनच साथ येऊन निम्मी माणसं जातात. आजच्या मुलाला हा खेळ ओसाड वाटेल. पण जुन्या शेतीचा कणा त्यात आहे: जे पोटात घालायचं तेच जमिनीत घालायचं असतं, आणि दोन्हीला पुरेल इतकं बहुधा नसतं. आपल्याकडे ऐन जेठात कणगीतलं बी काढून खायची पाळी आली, की त्या घराची गत काय समजावी हे गावाला कळायचं. हा पेच त्या काळच्या शेतकऱ्याला जन्मभर पुरला. पुढच्या पन्नास वर्षांत आलेल्या बहुतेक देखण्या खेळांनी तो सरळ गाळून टाकला.

त्यांनी काय घेतलं? १९९६मध्ये जपानमध्ये 'हार्वेस्ट मून' आला. त्याचे कर्ते यासुहिरो वादा क्यूशूच्या ग्रामीण भागात वाढलेले आणि टोकियोत नोकरीला आलेले. गावाकडची आठवण हे त्या खेळाचं बीज. आजोबांची पडीक जमीन, एक कुत्रा, थोड्या कोंबड्या, गावातली माणसं. हाच साचा घेऊन एरिक बरोन या एकट्या माणसानं साडेचार वर्षं खपून 'स्टारड्यू व्हॅली' केला. तो २०१६च्या फेब्रुवारीत आला आणि २०२४ संपेपर्यंत त्याच्या चार कोटींहून जास्त प्रती खपल्या. या दोन्हींच्या मधे, २००९मध्ये, फेसबुकवर 'फार्मव्हिल' येऊन गेला. २०१०च्या आरंभी महिन्याला आठ कोटींच्या आसपास लोक तो खेळत. मुंबईतल्या कचेऱ्यांतही तेव्हा जेवणाच्या सुट्टीत स्ट्रॉबेरी काढायची घाई असे, कारण ती चार तासांत तयार होई आणि वेळेत काढली नाही तर सुकून जाई. फ्लॅश तंत्र बंद पडलं तसा तो खेळही ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाला. शेतीबद्दल त्यानं कुणाला काही शिकवलं असेल तर एवढंच, की उभं पीक माणसाला घरी स्वस्थ बसू देत नाही.

'स्टारड्यू'ची गोष्ट जरा वेगळी. त्यात २८ दिवसांचा ऋतू आहे, आणि ऋतू बदलला की त्या ऋतूचं पीक उभ्या जागी मरतं. चुकीच्या आठवड्यात हावरटपणे पेरणी केली तर बियाण्याचे पैसे गेलेच. रोहिणीत धूळवाफ पेरणी साधायची की मृगाची वाट पाहायची, या चिंतेची सावली इथे दिसते. नंतरच्या आवृत्तीत भातही आला. पाण्याच्या कडेला लावला तर त्याला झारीनं पाणी घालावं लागत नाही आणि तो लवकर वाढतो. पण भात म्हणजे भात, एकच. ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या डोक्यात मात्र तीन कप्पे असत: हळवा, निमगरवा, गरवा. उतारावरच्या, लवकर कोरड्या पडणाऱ्या तुकड्यात तीन-सव्वातीन महिन्यांत येणारा हळवा. खोलगट, पाणी धरून ठेवणाऱ्या खाचरात साडेचार-पाच महिने घेणारा गरवा. कुठला तुकडा परतीच्या पावसापर्यंत ओल धरील, याचा अंदाज चुकला तर ऐन पोटरीत भात वाळायचा. एकाच घराची जमीन चार ठिकाणी विखुरलेली असण्यातही शहाणपण होतं. सगळं एकदम बुडत नसे. खेळात जमीन नेहमी सलग, चौकोनी आणि सगळीकडे सारखी असते.

आणखी एक गोष्ट खेळांत फार सोपी करून टाकलेली असते. 'स्टारड्यू'त तांब्याच्या पाच विटा आणि २००० मोहरा लोहाराला दिल्या की दोन दिवसांत कुदळ सुधारून मिळते. नवं अवजार आलं म्हणजे प्रगती झाली, असा त्यात हिशेब. महाराष्ट्रात लोखंडी नांगर आला तेव्हा असं घडलं नव्हतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात नांगर बनवले, तर शेतकरी ते घेईनात. लोखंडानं जमीन नासते, अशी समजूत होती. बैलजोडीला ओढेल का, मोडला तर गावचा सुतार दुरुस्त करील का, हे प्रश्न तर रास्तच होते. लाकडी नांगराचं इसाड आणि रुमणं गावातला सुतार बलुत्यावर करून देई, रोख पैसा लागत नसे. लोखंडी फाळासाठी पैसा बाहेरून आणावा लागे. अवजारामागची ही उलाढाल त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५च्या 'गावगाड्या'त वाचायला मिळते, पडद्यावर ती कुठेच सापडत नाही.

आता ज्याबद्दल जरा थांबून बोलावं असा एक खेळ आहे: 'साकुना: ऑफ राइस अँड रुइन'. २०२०च्या नोव्हेंबरात आलेला हा जपानी खेळ एडेलवाइस या अगदी छोट्या चमूनं केला. मुख्य माणसं दोनच. कथा एका उर्मट देवकन्येची. तिला एका बेटावर धाडलं जातं, आणि तिथं तिला राक्षसांशी लढावं लागतं, शिवाय स्वतःचा भातही स्वतःच पिकवावा लागतो. दर हंगामाचं पीक जितकं चांगलं, तितकी तिची ताकद वाढते. ही युक्ती बेमालूम आहे, कारण त्यामुळे लढाईच्या आशेनं आलेला पोरगा निमूटपणे खाचरात उतरतो.

आणि खाचरात उतरल्यावर त्याला काहीही माफ नसतं. बी पाण्यात टाकून पोचट बी वेगळं काढायचं. जमीन उकरायची. रोपं एकेक करून लावायची. दाट झाली तर फुटवे धरत नाहीत, विरळ झाली तर जागा वाया जाते. पाणी किती खोल ठेवायचं ते वाढीच्या टप्प्यागणिक बदलायचं, मधे एकदा खाचर सुकवायचं, नंतर पुन्हा भरायचं. तण काढायचं. खतात शेण-मैल्यापासून सगळं कालवायचं आणि त्याचं प्रमाण जमवायचं. कापणी विळ्यानं, मग पेंढ्या दांडीवर उलट्या टांगून वाळवायच्या, मग झोडणी. ती आधी दोन काड्यांच्या चिमट्यात लोंबी धरून ओढत करायची. जीव मेटाकुटीला येतो तेव्हा कुठे दात्यांची फणी मिळते. त्यानंतर उखळात कांडण. किती कांडायचं तेही खेळणाऱ्यानं ठरवायचं, कारण तांबूस तांदूळ आणि पांढराशुभ्र तांदूळ यांचे गुण वेगळे. पुढे पुढे तण आणि किडे खायला खाचरात बदकंही सोडता येतात. खेळ बाजारात आला तेव्हा जपानी खेळाडूंमध्ये एक गंमत पसरली: अडलात तर शेती मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भाताची माहिती वाचा, तिथं उत्तर आहे. ती निव्वळ थट्टा नव्हती. खरी माहिती खेळात खरोखर चालत होती.

कोकणातल्या भाताची ओळख व्हायला आज यापेक्षा जवळचा खेळ दुसरा नाही. लावणीच्या आणि पाणी धरण्याच्या मूळ तर्कात जपान आणि कोकण यांच्यात फार अंतर नाही. फरक पडतो तो लावणीच्या आधी. ठाणे, कुलाबा (आजचा रायगड) या भागांत भाताची तयारी उन्हाळ्यातच सुरू होई, ती राबानं. आवणाच्या, म्हणजे रोपं वाढवायच्या, तुकड्यावर शेण, त्यावर झाडांचे तोडलेले टहाळे, मग गवत किंवा पेंढा, आणि वरून मातीचा पातळ थर. पेटवायचं ते वाऱ्याच्या उलट बाजूनं, म्हणजे जाळ धावत सुटत नाही, सावकाश खाली मुरतो. तणाचं बी जळतं, राख मिळते, जमीन भुसभुशीत होते आणि रोप टरारून येतं. त्यासाठी शेताला जोडून वरकस जमीन लागे, आणि टहाळ तोडायला रान.

इथेच सरकार आडवं आलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंगलखात्यानं रानं राखीव करायला घेतली, तेव्हा ठाणे-कुलाब्यातल्या शेतकऱ्यांनी इतकी ओरड केली की १८८५मध्ये मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. राब ही अडाण्यांची नासाडी आहे की शास्त्र, यावर सरकारी प्रयोग झाले, आणि डॉ. व्हॉल्कर यांच्या १८९३च्या भारतीय शेतीवरच्या अहवालात त्यांची चर्चा आहे. १८८२च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्येही भातशेतीचं तपशीलवार वर्णन मिळतं. खेळ रचणाऱ्याला हे आयतं घबाड आहे: एकीकडे रोप जोमदार यावं म्हणून टहाळ हवा, दुसरीकडे रान सरकारजमा होत चाललेलं, आणि गार्डाला चुकवायचं की अर्ज करायचा हे दर उन्हाळ्यात ठरवायचं.

युरोपातल्या जुन्या शेतीची अशी कसून केलेली मांडणी 'मॅनर लॉर्ड्स'मध्ये दिसते. एकाच माणसानं सुरू केलेला हा खेळ २०२४च्या एप्रिलमध्ये आला. चौदाव्या शतकाच्या अखेरचं जर्मन खेडं, तीन शेतांची फेरपालट, एक शेत आळीपाळीनं पडीक ठेवायचं, आणि सगळ्या गावाला मिळून बैल मोजकेच. जंगलातून ओंडका ओढून आणायला गेलेला बैल त्या वेळी नांगराला मिळत नाही. हे इतकंसं कलम खेळाडूला बैलाची किंमत पटवून देतं. मात्र खेळाडू इथे गावचा धनी असतो, वरून पाहणारा. खाली राबणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहायची सोय नाही.

वरून पाहणारा किंवा एकटा राबणारा, या दोनच भूमिका बहुतेक खेळांत मिळतात, आणि जुनी शेती नेमकी यांच्या मधल्या जागेत चाले. लावणीचे दिवस पंधरा-वीस. तेवढ्यात रोप उपटून, मुठी बांधून, चिखलात लावून व्हायला हवं. घरच्या चार हातांनी ते होत नाही. म्हणून सावड. आज आपल्याकडे पाच घरची माणसं, उद्या त्यांच्याकडे आपली. कुणाचं खाचर आधी, कुणाचं नंतर, यावर रुसवेफुगवे. ज्याच्याकडे बैल नाही त्यानं बैलाच्या बदली किती दिवस द्यायचे, याचाही हिशेब पक्का असे. लावणीत वाकणाऱ्या बहुतांशी बायका आणि चिखलणीला जोतामागे पुरुष, ही वाटणीही ठरलेली. 'फार्मिंग सिम्युलेटर'मध्ये मदतनीस नेमता येतो. तो मिनिटाला पैसे घेतो आणि तक्रार करत नाही.

खाडीकाठी तर एकट्याचं काहीच चालत नसे. कोपरसारख्या भागात भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध, आणि आतलं पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून त्या बांधात उघाडी. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबानं तिची झडप उघडते, भरती आली की बाहेरच्या दाबानं बंद होते. पावसाचं पाणी जमिनीतला खार धुऊन काढतं आणि उघाडीतून निघून जातं. बांध घालून नव्यानं मिळवलेल्या जमिनीत, म्हणजे खाजणात, पीक यायला अशी काही वर्षं जावी लागतात. इथे भातही वेगळा. खार सोसणारा तांबडा राता, मोड आणलेलं बी चिखलात फेकायची रहू पद्धत. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानं या स्थानिक रात्यांतूनच 'काळा राता १-२४' आणि 'भुरा राता ४-१०' हे वाण निवडले, पुढे 'पनवेल-१'सारखे सुधारित वाण दिले. बांधाला खेकड्यानं भोक पाडलं आणि ते वेळेत बुजवलं नाही, तर एका अमावास्येच्या उधाणात सगळ्या गावाचं खाजण खारं होई. म्हणून बांधाची डागडुजी सगळ्यांची. अलिबागकडे या सामूहिक कामाला जोळ म्हणत. पुढे १९४८च्या खारलँड कायद्यानं हे काम सरकारी मंडळाकडे गेलं.

आणि पीक आलं म्हणजे ते आपलं, हे फक्त खेळात. कुळाचं पीक खळ्यावर येई तेव्हा मालक किंवा खोत माप घेऊन उभा असे. अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३मध्ये नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानं ठरवलं, की खोताची जमीन कसायचीच नाही. सुमारे सहा वर्षं ती खाचरं पडीक राहिली. माणसांनी लाकूडफाटा विकून, मासळी धरून दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७मध्ये खोती नाहीशी करण्याचं विधेयक विधिमंडळात मांडलं, आणि १९३८च्या जानेवारीत मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला. शेतीच्या खेळात पडीक जमीन म्हणजे हार. चरीत ती डावपेच होती. न पेरणं हीसुद्धा शेतकऱ्याची चाल असू शकते, हे मान्य करणारा लोकप्रिय खेळ अजून तरी दिसत नाही.

माणसांना खेळात आणण्याचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही, पण ते बहुधा कागदावर झाले. सर्वांत गाजलेला 'ग्रीन रेव्होल्यूशन गेम'. केंब्रिजचे भूगोलतज्ज्ञ ग्रॅहम चॅपमन यांनी बिहारमधल्या खेड्यांत केलेल्या अभ्यासावर तो आधारला. एका खोलीत पंधरा-वीस माणसं, प्रत्येक जोडी म्हणजे एक शेतकरी कुटुंब; कुणाला जमीन जास्त, कुणाला कमी. भाताचं जुनं वाण लावायचं की नवं, खत उधारीवर घ्यायचं का, पाऊस कसा येईल, कर्ज कोण देईल. थोड्या वेळात खोलीत सावकार तयार होतो, त्याला कुणी नेमलेलं नसतं. ज्याच्याकडे दोन दाणे जास्त असतात तोच सावकार होतो. काही कुटुंबं भुकेला लागतात आणि शेजारी ते शांतपणे पाहतात. विकास खात्यांचे अधिकारी आणि विद्यापीठांतले विद्यार्थी हा खेळ खेळत आले आहेत. कोपनहेगनच्या आयटी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी केलेला 'थर्ड वर्ल्ड फार्मर' संगणकावर याच वाटेनं गेला. आफ्रिकेतलं गरीब कुटुंब, दुष्काळ, लाच, लढाई. त्यात जिंकणं जवळपास अशक्य, आणि तोच त्याचा मुद्दा आहे.

आंध्र प्रदेशात यापुढचं पाऊल पडलं. २०१३-१४च्या सुमारास अनंतपूरसारख्या कोरड्या भागातल्या गावांत एक साधा खेळ खेळवला गेला: कमी पाण्याचं पीक घ्या किंवा जास्त पाण्याचं, विहिरींचं पाणी सगळ्यांचं सामाईक. खेळणारे खरे शेतकरी, आणि खेळानंतर गावाची बैठक. इफ्प्री ही संस्था आणि फाउंडेशन फॉर इकोलॉजिकल सिक्युरिटी यांनी मिळून हे काम केलं. ज्या वस्त्यांत खेळ झाला तिथं नंतर पाण्याचे नियम आणि नोंदी ठेवण्याकडे कल जास्त दिसला, असं त्यांच्या अभ्यासात आहे. म्हणजे खेळून शहरी मुलांनी शेती शिकायची, एवढंच खेळाचं काम नाही. शेतकऱ्यांनाही आपलीच शेती त्यात नव्यानं दिसू शकते.

कृषी विद्यापीठांत संगणकावरची शेती केव्हाची चालते, पण ती करमणुकीसाठी नसते. 'डीसॅट', मनिलाजवळच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचं 'ओरायझा', दिल्लीच्या पुसा संस्थेचं 'इन्फोक्रॉप' ही पीकवाढीची गणिती रूपं. ऊन, पाऊस, तापमान, माती, पेरणीची तारीख दिली की रोज किती पान वाढलं, दाणा कधी भरला, उतारा किती आला याचा अंदाज मिळतो. 'साकुना'सारख्या एखाद्या खेळाच्या पोटात असं एखादं गणित बसवलं तर हळवा आणि गरवा यांतला फरक खेळणाऱ्याच्या बोटांना कळेल. तसं अजून फारसं झालेलं नाही, कारण एक बाजू प्रबंधात रमते आणि दुसरी बाजारात.

खेळाला पर्याय नाहीत असंही नाही. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठात सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आहे. मोट, तिफण, बारा बलुतेदार, सगळे पुतळ्यांच्या रूपात. तिफणीमागे चाड्यात मूठ सोडणारी बाई तिथं समोर दिसते, नळ्यांतून बी कसं उतरत असेल हेही कळतं. मुठीतून दाणे किती वेगानं सुटले तर पीक दाट होईल, हे मात्र पुतळा सांगू शकत नाही. खेळ सांगू शकला असता. पावसाळ्यात कर्जत-मुरबाडकडे लावणीच्या सहली निघतात. तिथं तासभर वाकलं की कंबर काय म्हणते ते समजतं, आणि कोणत्याही पडद्यानं न शिकवलेला तो धडा खरा. पण सहलीला राब दिसत नाही, उधाणाची रात्र दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकावंही लागत नाही.

या सगळ्यात जुन्याचे गोडवे गाणं फार होतं, ते मात्र टाळायला हवं. कोपरहून कर्जत लोकल पकडली तर नेरळला सगुणा बाग लागते. चंद्रशेखर भडसावळे यांनी तिथं सगुणा भात तंत्र विकसित केलं. नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कायमचे गादीवाफे, त्यावर लोखंडी साच्यानं ठरावीक अंतरावर भोकं पाडून टोकणी, आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. म्हणजे खेळांनी ज्या चिखलाला नुकतंच डोक्यावर घेतलं, तो चिखल कोकणातला शेतकरी स्वतःच सोडायला निघालाय. डॉ. ना. कृ. सावंत यांची चारसूत्री पद्धतही त्याच्या आधीपासून लावणी सोपी आणि खत नेमकं करायच्या मागे होती. पाठ मोडणारी कामं कमी व्हावीत असं वाटण्यात गैर काय?

तेव्हा ठाणे-रायगडच्या भातावर कुणी खेळ करायला बसलं, तर सामग्री पुरेशी आहे: गॅझेटियर, महात्मा फुल्यांचा १८८३चा 'शेतकऱ्याचा असूड', व्हॉल्कर, आत्रे, पनवेल आणि कर्जतच्या संशोधन केंद्रांची माहिती, आणि डोंबिवली-कल्याणच्या गावठाणांतून अजून बोलती असलेली माणसं. भाषा आगरी ठेवली तर त्यातले अर्धे शब्द खेळता खेळता पाठ होतील. पहिला निर्णय खेळ कोणत्या सालात सुरू करायचा हा. १८८२मध्ये सुरू केला तर राब आणि रान. १९३३मध्ये केला तर खोत. १९६८मध्ये केला तर 'जया', पाठोपाठ १९७०मध्ये 'रत्ना' ही बुटकी, भरघोस वाणं येतात आणि पेंढा कमी पडल्यानं बैलाच्या वैरणीचा प्रश्न उभा राहतो. १९४८पासून सुरू केला तर मधे कूळकायद्याचा टप्पा लागेल: १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी खेळाडूनं कसलेली जमीन त्याच्या नावावर होईल की नाही, हे त्यानं आधीची नऊ वर्षं किती खंड्या भात काढला यावर ठरणार नाही. तलाठ्याच्या दप्तरात त्याचं नाव कूळ म्हणून लागलं होतं का, आणि ते लावून घ्यायला तो कधी चावडीवर गेला होता का, यावर बऱ्याच अंशी ठरेल.